मार्कसचं घरचं नाव

मार्कस कुणाला पट्टी बांधायला घेई, तेव्हा आधी विचारी, "घरी काय म्हणतात तुला?" जखम किती खोल, दुखतंय का, हे सगळं नंतर.

आमची ओळखही त्याच प्रश्नाने झाली. आई नाशिकहून आमच्याकडे, आखातात अल अझीझियाला, आली होती. संध्याकाळी पार्कात फिरताना तिला घेरी आली आणि ती पडली. माझी नुसती तारांबळ. तिथे धावायला आलेला एक उंच, काळा, कोवळ्या चेहऱ्याचा तरुण थांबला. अमेरिकन सैन्यात जखमींवर उपचार करणारा मेडिक, जॉर्जियाचा, इथल्या तळावर नेमलेला. नाडी धरून त्याने आईचं नाव विचारलं. मी म्हटलं, "सुशीला." त्याने हाका मारल्या, आई हलेना. "लहानपणी काय म्हणायचे?" मामाची हाक मला कशीबशी आठवली. "चिमे," तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला. आईने डोळे उघडले. "कोण, दादा?"

मी तिथेच रडलो. तो म्हणाला, "कागदावरचं नाव शुद्धीतल्या माणसासाठी. खाली पडलेल्याला घरचंच ऐकू जातं."

मग शुक्रवारी तो घरी येऊ लागला. आई इथे येऊन 'यल्ला', म्हणजे 'चल', हा एकच अरबी शब्द शिकली होती. "यल्ला बाळा, खा," म्हणत त्याच्यापुढे चिवडा ठेवी. तो इंग्रजीत बोले, ती मराठीत, आणि दोघांचं असं जमे की पाहुणा मीच. त्याला आजीने वाढवलं होतं, ती गेली, मागे कुणी नाही, एवढं मला कळलं. स्वतःचं घरचं नाव मात्र सांगेना. "ते आजीबरोबर गेलं," म्हणे. एकदा मी चहा घेऊन आलो, तर चिवड्यातला शेंगदाणा त्याने स्वतःच्या छातीवर टेकवला होता आणि आई पोट धरून हसत होती.

"काय झालं गं?"

"तुला काय करायचंय? आमचं आम्हाला."

आई परत गेली. पुढे लढाई पेटली आणि मार्कसची तिकडे रवानगी झाली. त्यानंतर आला तो त्याचा सोबती, कुबडी घेऊन.

"मी जखमी झालो होतो. 'आई काय म्हणते तुला?' विचारत तो माझा पाय बांधत होता. तेवढ्यात दुसरा स्फोट झाला." त्याने कुबडी भिंतीला टेकवली. "आम्ही खूप हाका मारल्या. मार्कस, मार्कस. त्याने डोळे उघडलेच नाहीत."

मी आईला फोन करून सगळं सांगितलं. तिला हुंदका आवरेना.

"अरे, शेंगदाण्या म्हणायचं होतं रे त्याला. त्याची आजी तसंच म्हणायची."