झाकण टक् वाजेपर्यंत

बाळांनो, पुढच्या महिन्यात आम्ही लहान घरात राहायला जाणार आहोत. निम्मं स्वयंपाकघर देऊन टाकायचं, म्हणून काचेच्या सगळ्या बरण्या ओट्यावर मांडल्या आहेत. त्या समोर आहेत तोवरच लिहिते. तुमची आई वाचून दाखवेल.

आम्ही देश सोडून इथे परदेशात, रोटोटुनाला, नवे होतो, तेव्हा कुंपणापलीकडच्या बाईंच्या झाडाला पीच लगडले होते. दरवर्षी त्या पाकातल्या पीचच्या बरण्या भरून ठेवत आणि ख्रिसमसला मुलं घरी आली की उघडत. त्या वर्षी त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये होतं.

"यंदा मुलांना दुकानातला डबा," त्या म्हणाल्या. चेहरा अगदी उतरला होता.

"मी आयुष्यभर लोणची घातलीत. पीच माझ्याकडे द्या," मी ऐटीत म्हटलं.

मी लोणच्याच्या शिस्तीनेच लागले. बरण्या उन्हात कोरड्या ठणठणीत केल्या, पाकात उकळलेले पीच भरताना गळ्याशी चार बोटं जागा सोडली आणि तोंडावर आजोबांच्या जुन्या धोतराचा दादरा बांधला. संध्याकाळी बाई बघायला आल्या.

"हे काय? माझ्यासारखं या बरण्यांचंही हाड मोडलं?"

"हवा लागायला नको का?"

"अहो, हवाच तर बाहेर घालवायची आहे!"

मग त्यांनी झाकण दाखवलं. ते दोन भागांचं होतं: कडेला खालून रबर लावलेली पत्र्याची चकती, आणि ती दाबून धरणारं फिरकीचं कडं. गरम बरणी निवते तशी आतली वाफ आकसते, चकती मधोमध आत ओढली जाते आणि टक् वाजतं. टक् वाजलं की फळ टिकलं.

पीच पुन्हा उकळले. बाई खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. "काठोकाठ भरा. अजून! सांडू दे!" उकळता पाक माझ्या लख्ख ओट्यावरून ओघळत होता, आणि माझा हात सारखा फडक्याकडे जात होता.

"फडकं नंतर! आधी झाकण!"

मग चहा घेत आम्ही तिघं कान देऊन बसलो. बराच वेळ काहीच नाही. बाई प्लास्टरवर बोटं वाजवू लागल्या. आणि टक्! आजोबांनी अंपायरसारखं बोट वर केलं. "आउट!" पुढच्या प्रत्येक टक्ला तेच. एक बरणी मात्र गप्पच राहिली. ती आम्ही तिथेच चमच्याने संपवली.

ख्रिसमसला बाईंच्या थोराड मुलांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. बाई सगळ्यांना सांगत होत्या, "या बाईंनी आधी बरण्यांना बँडेज बांधलं होतं!" मी घरी निघाले तेव्हा त्यांनी मला आपल्या आईची बरणी दिली. तिचं झाकणही काचेचं, वर तारेची कडी.

बाकीच्या बरण्या देऊन टाकेन, ती नेणार आहे. तिचं रबर केव्हाच विरलं. काच आणि तार शाबूत आहेत. सध्या तिच्यात लिंबाचं लोणचं आहे, वर दादरा बांधलेलं.