ऐब सांगा आधी

शेजारच्या खालाच्या सेलमध्ये वस्तूचं कौतुक करायला बंदी होती. दिवाळीची सफाई झाली की पुढच्या रविवारी पनवेलच्या आमच्या चाळीच्या आवारात ती चटया अंथरायची. घराघरातून निघालेलं जुनं सामान तिथं मांडायचं, आणि देणाऱ्याने शेजारी उभं राहून आधी त्यातली खोट सांगायची. खाला खुर्चीवरून ओरडायची, "ऐब सांगा आधी. भाव मग."

एकदा नवीन पनवेलहून एक साहेब टीव्ही घेऊन आले. "एकदम नव्यासारखा आहे," म्हणाले. खाला म्हणाली, "मग घरी ठेवा की. इथं कशाला आणलात?" शेवटी साहेबांनी कबूल केलं की चित्रातली माणसं हिरवी दिसतात. मागून एक बाई म्हणाली, "चालंल. आमच्या सासूला दिसत नाय, नुस्ती आयकते." टीव्ही गेला. खाला म्हणाली, "बघा, ऐब सांगितला की वस्तू बरोबर घरात जाते."

सेलच्या पैशांतून तिने आजाऱ्यासाठी वर-खाली होणारी खाट घेतली होती. ज्याला गरज, त्याच्या घरी ती फुकट जायची. माझ्या बायकोचं, सुमनचं अंग अर्धांगवायूने गेलं, तेव्हा खाला कडी न वाजवता आत आली. कडी वाजवणं तिला ठाऊकच नव्हतं. मागे टेंपोवाला खाट घेऊन. "भाऊ, हिचं हँडल गच्च आहे, दोन्ही हातांनी फिरवा," हे पहिलं वाक्य. सुमन त्या खाटेवर आठ महिने होती. उशाकडची बाजू वर केली की तिला खिडकीतून आवारातली माणसं दिसायची. पडून पडून पाठीला एकही जखम झाली नाही. हे मी विसरणार नाही.

सुमन गेली. खाट दुसऱ्या घरी गेली. मी दार लोटून बसलो, कोणाशी बोलेना. त्या वर्षी माझ्या घरात दिवाळी नव्हतीच. सेलच्या दिवशी खाला आत आली आणि सुमनच्या शिलाई मशीनकडे बोट केलं. "ते बाहेर काढा."

मी मिठागरावर राबलेला माणूस, चौथी शिकलेला. गोड बोलणं मला येत नाही. म्हणालो, "माझी बायको गेली आणि तुला मशीन दिसतंय? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण तुम्ही असे भिंतीकडे बघत बसलात, तर भाभीला काय जबाब देऊ मी?"

मशीन आवारात गेलं. पिशव्या शिवणारी एक बाई पुढे आली. खाला म्हणाली, "भाऊ, ऐब."

म्हणालो, जाड कापडावर टाका सोडतं. मग सुमन काय करायची तेही सांगितलं. चाकावर तळहात ठेवून हळूहळू घ्यायची, आणि तोंडाने मशीनला शिव्या. पोरांच्या शाळेच्या खाकी चड्ड्या तिने अशाच शिवल्या. बोलायला लागलो तो थांबेना. ती गेल्यापासून तिचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. त्या बाईने चाकावर तळहात ठेवून विचारलं, "असा?"

"जरा अलगद," म्हणालो. "हां. आता न्या."

मागच्या महिन्यात खालाचा मुलगा तिला बहरीनला न्यायला आला. सेलची खुर्ची तिने माझ्या दारात आणून ठेवली, विचारलंही नाही. मी मुलाला बाजूला घेतलं, पण माझा आवाज हळू निघत नाही. "नेतोयस तर ने. पण ऐब ऐकून घे. ही कडी न वाजवता आत येते. चिडू नकोस. येऊ देत जा."

खाला गाडीत बसली होती. सगळं ऐकत ती ओढणी सारखी करत राहिली.