उजव्या खुर्चीतला रूपेश

दाभोळच्या खारवीवाड्यात रूपेश पडवेकरला कोणी रूपेश म्हणत नसे. सगळे 'कॅप्टन' म्हणत. विमान चालवायचा परवाना घेऊन तो घरी आला तेव्हा हे नाव कौतुकानं पडलं. पुढं वर्षामागून वर्ष गेलं, नोकरी लागली नाही, आणि तेच नाव हळूहळू शिवी झालं. जेटीवर मासळीचा लिलाव चालू असला आणि हा दिसला, की कोणीतरी आभाळाकडं बघत म्हणायचं, "कॅप्टन, तुमचं विमान चाललं बघा." वर घार फिरत असायची.

तो हसायचा. न हसून करणार काय? त्याच्या शिक्षणासाठी बापानं, खंडू तांडेलानं, स्वतःची बोट विकली होती. आता खंडू बाळाशेठच्या बोटीवर तांडेल होता. मालक दुसरा, सुकाणू तेवढं त्याच्या हातात. ज्या माणसानं आपली बोट घालवून पोराला आभाळात पाठवलं, त्या माणसाचा पोरगा घरात बसून भिंतीला पाठ लावून जेवत होता. आई, गुणवंती, वाढताना त्याच्याकडं बघायची नाही. बघितलं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

अशात किनाऱ्यावरच्या लहान गावांना विमानानं जोडणारी एक नवी कंपनी निघाली. तिला सहवैमानिक हवे होते आणि मुलाखती रत्नागिरीतच, एका हॉटेलच्या लग्नाच्या हॉलमध्ये होत्या. परवान्याला गंज चढत आला होता. ही नोकरी लागली नाही तर पुढं कोणी त्याला दारातही उभं करणार नव्हतं. रूपेशला ते ठाऊक होतं, खंडूलाही. म्हणून खंडू सोबत निघाला. नको म्हटलं तरी निघाला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हॉटेलच्या पडवीत कठड्यावर बसून राहिला.

आत तिघं होते. मधले परीक्षक उतारवयाचे, ताठ, बोलायला फार गोड. ज्यांना आवाज चढवायची गरज कधी पडलेली नसते, त्यांच्यातले. त्यांनी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडायला लावल्या.

"डावीकडे मी, कॅप्टन. उजवीकडे तुम्ही. ढग खाली आलेत, मागे सत्तर माणसं बसली आहेत. पाचशे फुटांवर धावपट्टी दिसली नाही, तर?"

"परत वर जायचं, सर."

"आणि कॅप्टन खालीच चाललाय, तर?"

"मोठ्यानं सांगायचं. नाही ऐकलं तर पुन्हा सांगायचं. तरी नाही ऐकलं तर विमान आपल्या ताब्यात घ्यायचं."

"वा. पाठ आहे," परीक्षक म्हणाले. "आता करू या."

त्यांनी समोर एक करडा पुठ्ठा धरला. तो ढग. धावपट्टी आली की पांढऱ्या रेघांचा पुठ्ठा धरणार होते. रूपेशनं उंची मोजत जायची होती.

"आठशे," रूपेश म्हणाला. "सातशे. सहाशे. पाचशे."

पुठ्ठा करडाच होता.

"दिसतेय मला," परीक्षक शांतपणे म्हणाले.

रूपेशनं पुठ्ठ्याकडं बघितलं. काही दिसत नव्हतं. मग त्यानं शेजारच्या माणसाकडं बघितलं. पिकलेले कल्ले, समोर लागलेली नजर, गुडघ्यावर न हलणारा हात. शब्द अगदी ओठांशी आले होते. 'वर चला', दोनच शब्द, विमान शिकणारं शेंबडं पोरही ते म्हणेल. त्याची मान खाली गेली.

"चारशे," त्यानं म्हटलं. "तीनशे. दोनशे. शंभर."

परीक्षकांनी पुठ्ठा टेबलावर पालथा घातला. "आपटलो," ते म्हणाले.

कारण सांगून कोणाला पटलं असतं? वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथं मुखावरची वाळू दरसाल जागा बदलते. काल पाणी होतं तिथं आज बोट बसते. म्हणून मुख लागलं की बोटीवर बोलणं बंद. खलाशांनी खाली बघायचं, ओठ मिटायचे, तांडेलाला जे दिसतं ते एकट्या तांडेलाला दिसू द्यायचं. रूपेश दहाएक वर्षांचा असताना एकदा ओरडला होता, "आबा, डावीकडं वाळू!" खंडूनं बोट सुखरूप आत आणली, जेटीला बांधली, आणि मग सगळ्यांसमोर ओल्या दोरानं पोराला फोडून काढलं.

"पण व्हती ना वाळू?" पोरानं रडत विचारलं होतं.

"व्हती म्हणूनच मारला," खंडू म्हणाला होता. "खोटा असतास तर सोडला असता. खऱ्याची सवय वाईट."

ती सवय पुरती मोडली होती. पुस्तकातलं डोक्यात बसलं होतं, दोर अंगात बसला होता.

रूपेश खुर्चीतून उठू लागला.

"बसा," परीक्षक म्हणाले. "मेलेली माणसं उठत नाहीत."

चहा आला. पोऱ्यानं चौथा कप रूपेशपुढं ठेवला, तो परीक्षकांनी हळूच उचलून परत ट्रेमध्ये ठेवला. शेजारच्या परीक्षक बाई हसल्या, मग खिडकीबाहेर बघू लागल्या. रूपेशची खुर्ची त्याच्यासकट भिंतीकडं सरकवली गेली आणि पुढचा उमेदवार आत आला. चिपळूणचा गौरव.

"यांच्याकडे लक्ष देऊ नका," परीक्षक त्याला म्हणाले. "हे आधीच्या विमानात गेले."

गौरवला निर्णयाची उंची, म्हणजे कुठून परत वर जायचं ते, धड सांगता आलं नाही. पण "दिसतेय मला" ऐकताच तो इतक्या जोरात ओरडला, की बाहेरचा वेटर दारातून डोकावला. परीक्षकांनी उठून त्याचा हात हातात घेतला. मग रूपेशकडं न बघता म्हणाले, "आता तुम्ही जाऊ शकता. आमचं उत्तर तुम्हाला कळलंच आहे."

तो पडवीत आला. त्याच्या मागोमाग परीक्षकही सिगरेट ओढायला बाहेर आले. खंडू कठड्यावरून उतरला, त्यानं वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"सायेब, मी याचा बापूस."

"हो का?"

"पोरगा लय गुणी हाय, सायेब. मोठ्या माणसासमोर तोंड उघडायचा नाय. उलट शब्द नाय. मी ल्हानपणापास्नं तसाच वळण लावलाय."

परीक्षकांनी काडी विझवली. "आला आम्हाला अनुभव," ते म्हणाले. "वळण पक्कं आहे."

खंडूचा चेहरा उजळला. पोराची खात्री बापानं द्यावी आणि साहेबानं ती मानावी, आणखी काय पाहिजे होतं?

गुहागरपर्यंत एसटीत तो बोलत होता. पगार किती, खोली कुठं घ्यायची, मनिषाच्या सासरी आधी कळवायचं की नंतर. मनिषा म्हणजे रूपेशची धाकटी बहीण, लग्न होऊन मालगुंडला दिलेली. रूपेश खिडकीकडं तोंड करून बसला होता. धोपाव्याला फेरीबोटीत चढले तर तिथं वाड्यातली माणसं भेटली. मासळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन चाललेली चिमा होती, बाळाशेठच्या बोटीवरचा सागर खलाशी होता.

"काय खंडूदा," चिमानं विचारलं, "झाला काय तुमचा कॅप्टन?"

"झाल्यातच जमा. सायबाशी मी सोता बोल्लो."

"काय म्हणालान सायेब?"

"वळण पक्का हाय म्हणालान."

"मग आता आमाला फुकट फिरवा," सागर म्हणाला. "माझी बायको खिडकी मागतेय."

"नाय झालो," रूपेश म्हणाला.

खंडू वळला. "काय?"

"नापास झालो, आबा. तिथं पाचशे फुटांवर कॅप्टनला अडवायचं होतं, मी नुसती उंची मोजत बसलो. तोंड उघडायचं हीच परीक्षा होती." त्याचा आवाज चढत गेला, आणि चढल्यावर त्याला बरं वाटू लागलं. "दोरानं मारलंत ना मला? वाळू दिसली म्हणून मारलंत. त्याच्यापायी मेलो मी तिथं. आणि तुम्ही वहाणा काढून, हात जोडून माझी चूकच गुण म्हणून सांगितलीत त्याला. हसला तो तुम्हाला. कळलंसुद्धा नाही तुम्हाला."

खंडू आपल्या शर्टाच्या बटनाशी चाळा करत राहिला.

"मेल्या," चिमा हळू म्हणाली, "बापाला घरी नेऊन बोलायचंस."

पण बोलून झालं होतं. सागर सगळं ऐकून होता, आणि ही गोष्ट त्यांच्या आधी जेटीवर पोचली.

महिन्याभरानं रूपेश बाळाशेठच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. घरात बसवून कोण जेवू घालणार? बापाच्या हाताखाली त्यानं जाळी ओढली, बर्फ फोडला. दोघं कामापुरतं बोलत. एके दिवशी मासळी भरून बोट मुखाशी आली, नेहमीसारखी शांतता झाली, आणि त्या शांततेत सागर गंभीर आवाजात म्हणाला, "पाचशे फूट."

खलाशी फिसकन हसले. त्या मुखावर बोटीत कोणी हसल्याचं कोणाला आठवत नव्हतं. खंडूनं मागं बघितलं नाही, बोट आत आणली. त्या दिवशी त्यानं दोर उचलायला हवा होता. उचलला नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज मुखावर कोणी ना कोणी उंची सांगू लागला. रूपेश इतरांच्या मागं खाली बघून बसायचा, आणि एकदा तर तोही हसला, कारण न हसता बसणं जास्त उठून दिसलं असतं.

मग एका संध्याकाळी भरती उतरत असताना, खलाशांची थट्टा ऐन रंगात आली असताना, खंडूनं इंजिन मंद केलं. सुकाणू धरलेला त्याचा हात एकदा इकडं गेला, एकदा तिकडं. चाळीस वर्षं ज्यानं या पाण्यात कोणाला काही विचारलं नव्हतं त्यानं मान वळवली आणि सगळ्यांतून नेमकं रूपेशला शोधलं.

"कुठनं घेऊ रे?"

त्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

रूपेश उठून उभा राहिला. समोर पाणी होतं, सगळीकडं सारखं, शिशाच्या रंगाचं. या मुखातून तो शेकडो वेळा आत आला होता, आणि दर खेपेला मान खाली घालून. हे पाणी त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. सांगायला काही नव्हतं.

बोटीचा तळ वाळूला घासला. हसणं थांबलं.

"उजवीकडं घ्या," सागर ओरडला. थट्टा करताना त्याची मान रोज वरच असायची. "उजवीकडं, तांडेल!"

खंडूनं निमूटपणे उजवीकडं घेतलं आणि बोट सुटली. जेटीवर बाळाशेठ उभा होता, त्यानं लांबूनच सगळं बघितलं होतं. सकाळी बोट निघाली तेव्हा सुकाणूवर सागर होता. रूपेश पुढच्या बाजूला जाळं आवरत बसला. खंडू काठावर पाय सोडून बसला होता, आणि बोट मुखाकडं वळली तशी खलाशांच्या जुन्या रिवाजानं त्यानंही खाली बघितलं.