दोघांनी धरायचा पट्टा

बुडी मारायचा हवेचा सिलिंडर चावीला धरून उचलायचा नसतो, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण त्याला धरायला दुसरी जागा कुठं असते? अंग गोल आणि गुळगुळीत, भरलेला असला की वजन पंधरा किलोच्या वर, आणि डोक्यावर तेवढी एक चावी. मग सगळे तिथंच धरतात. मीही धरायचो.

मी जालन्यात अग्निशमन दलात आहे. आगी विझवतोच, पण गेली काही वर्षं मला जास्त बोलावणं येतं ते पाण्यातलं. आमच्याकडं बुडी मारायची ती विहिरीत, नाहीतर शेततळ्यात. आणि मला बोलावतात तोवर माणूस जिवंत सापडेल ही आशा कुणालाच राहिलेली नसते.

बदनापूरच्या पुढं एका गावातली विहीर होती. मोटर काढायला उतरलेला एका घरचा धाकटा मुलगा बुडाला होता. आमची गाडी डांबरी रस्त्यावरच थांबवावी लागली, पुढं सगळी काळी माती आणि ती पावसानं भिजलेली. माझ्या खांद्यावर सिलिंडर पाठीला बांधायचं जाकीट, दोर आणि कमरेचा वजनाचा पट्टा होता. गावातला एकजण पुढं आला आणि त्यानं सिलिंडर चावीला धरून खांद्यावर टाकला. चांगल्या मनानं टाकला. पाऊण किलोमीटर चिखल तुडवत तो माझ्या पुढं चालत होता.

विहिरीवर पोचून काटा बघितला तर हवा अर्ध्याच्याही खाली. चालता चालता त्याच्या हातात चावी थोडी फिरली होती. वाटेत सूं-सूं आवाज येत होता म्हणे, पण त्याला वाटलं, ह्याचा आवाज तसाच असत असेल. दुसरा सिलिंडर भरायला संभाजीनगरला गेला होता.

होती तेवढ्या हवेवर उतरलो. तळाच्या गाळात हात घालून चाचपत होतो. एक चप्पल लागली, मोटरची केबल लागली, आणि काटा लाल रेघेवर आला. वर आलो. मुलाची आई काठावर बसली होती.

"सापडला का?"

"न्हाई मावशी. हवा संपली."

ती म्हणाली, "हवा तं हाय की हितं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा सिलिंडर घेऊन गेलो तेव्हा ती तिथंच, त्याच जागेवर होती. मुलगा पहिल्या दहा मिनिटांत सापडला. चप्पल सापडली होती तिथून दोन हातांवर. म्हणजे आदल्या दिवशी अजून पाच मिनिटांची हवा असती तर त्या बाईला ती एक रात्र काढावी लागली नसती. सिलिंडर आणणाऱ्या माणसाला मी काही बोललो नाही. चूक त्याची नव्हती. मीच त्याला तसा धरू दिला होता.

परत येताना मी गाडीत पुढं बसलो होतो. आमचे ड्रायव्हर काका माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. नोकरी लागायच्या आधी त्यांनी एमआयडीसीत टेम्पो चालवला होता. गाडी चालवता चालवता ते म्हणाले, "भाऊ, ह्याला धराया मूठ पायजे. पोत्याला बी कान असतात."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं त्या मुठीच्या मागं लागलो. रोलिंग मिलमध्ये काम करणारा त्यांचा एक दोस्त म्हणाला, "लोखंडाची कडी वेल्ड करून देतो. पाच मिनिटाचं काम." काकांनी त्याच्या हातातला सिलिंडर काढून घेतला. "भरल्या बाटल्याला आग लावतो का? समदेच जाऊ एकसाथ." माझ्या त्या आठवड्यातलं हसणं तेवढंच.

शेवटी भंगारातल्या एका जीपचे सीटबेल्ट कापून आणले. मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडं नेले. त्याची मशीन जाड शिवायची. सिलिंडरच्या अंगाला वर एक आणि खाली एक असे दोन कडक पट्टे, त्यांना बकल, आणि त्या दोन्हींना जोडणारा तिसरा उभा पट्टा. त्या उभ्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना हात घालायला मुठी ठेवल्या. मुठींवर पाइपाचे चिरलेले तुकडे चढवले, म्हणजे हाताला कापत नाही. आता सिलिंडर आडवा धरून दोन माणसं नेऊ शकत होती आणि चावीला कुणाचा हात लागत नव्हता. काकांनी अंगणात दहा वेळा उचलून बघितला, झटके दिले. "बराबर हाय," म्हणाले.

बराबर नव्हता. पुढच्याच महिन्यात एका विहिरीत पाठीवरची ती पाइपाची मूठ जुन्या तारेत अडकली. पुढं जाता येईना, मागंही येईना. मागं हात पोचत नव्हता. हवा होती, पण छाती अशी धडधडत होती की ती हवा मी दुप्पट ओढत होतो. शेवटी जाकिटातून एक हात काढला, अंग फिरवलं, चाचपत तार शोधली आणि सोडवली. वर आल्यावर काकांना सांगितलं नाही. घरी तर नाहीच. पण त्या आठवड्यात सीट कव्हरवाल्याकडं जाऊन पाइप काढून टाकला, मुठी सपाट केल्या आणि उभा पट्टा बकलावर घेतला. पाण्यात उतरण्याआधी तो काढून काठावर ठेवायचा. मग नीट झालं.

त्यानंतर कितीतरी माणसांनी त्या पट्ट्याला हात लावला. पोलीस पाटील, गावातली पोरं, एकदा एक तलाठी. मला आठवते ती केदारखेड्याच्या बाजूची एक बाई.

सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही पोचलो. शेततळं वस्तीपासून लांब होतं. मी सिलिंडर खाली उतरवला आणि दुसरं टोक धरायला कोण येतं म्हणून मागं बघितलं. चाळिशीची एक बाई गर्दीतून आली आणि वाकून तिनं मूठ धरली.

"वहिनी, तुमी सोडा, मी घेतो," तिचा दीर म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा हात पुढं केला. तिनं मूठ सोडली नाही. मग आम्ही दोघं निघालो. बुडालेला माणूस तिचा नवरा होता, हे मला चालायला लागल्यावर कळलं. मी म्हणालो, "ताई, जड हाय. द्या त्यांच्याकडं."

"मला काय तरी धरू द्या, दादा."

दोन्ही बाजूंना कपाशी होती. एकेक बोंड फुटायला लागलं होतं. ती बोलत होती, माझ्याशी की स्वतःशी, सांगता येत नाही. नवरा पाइपाच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढायला वाकला आणि प्लास्टिकवरून घसरला. तळ्याच्या चारी बाजूंना तो प्लास्टिकचा कागद, वर शेवाळ. पोहता थोडं येत होतं, पण वर चढता येईना. तिनं दोरी टाकली. त्यानं धरली. तिनं ओढली तर तिचेच पाय घसरायला लागले.

"लई येळ धरून ऱ्हायले मी. आजूबाजूला कोन्हीच न्हाई. वरडून वरडून घसा बसला. मंग ते म्हनले, सोड, कोन्हाला तरी घिऊन ये."

आम्ही एक बांध ओलांडला.

"मी सोडली दोरी. पळत गेले. आले तवर पानी असं शांत."

तिच्या तळव्यांची सालं निघाली होती. त्याच हातानं तिनं पट्टा धरला होता. मी दोनदा थांबलो, हात बदलायच्या निमित्तानं. ती थांबायची, पण खाली ठेवायची नाही.

काठावर आल्यावर मी उभा पट्टा काढून ठेवला आणि जाकीट चढवायला लागलो. तिनं सिलिंडरवर हात ठेवला.

"ह्यात काय हाय?"

"हवा, ताई."

तिनं हात काढून घेतला आणि जाऊन बांधावर बसली. बायकांनी तिला वेढलं.

वरचं हातभर पाणी हिरवं होतं, त्याच्या खाली काळं. मी काठानं काठानं गेलो. कोपऱ्यात, पाइपाच्या तोंडापासून थोड्या अंतरावर तो सापडला. दोरीचे दोन वेढे त्याच्या मनगटाला होते. दोर सैल, दुसरं टोक पाण्यात मोकळं. दोर सोडवून मगच त्याला वर आणावं, असं एकदा मनात आलं. पण पोलीस काठावर उभे होते, जसं आहे तसंच वर आणायचं असतं. तसंच आणलं.

पंचनामा चालू असताना ती माझ्याजवळ आली. तिला जवळ जाऊ देत नव्हते, त्यामुळं तिनं बघितलं नव्हतं.

"दोरी हातात व्हती का त्यायच्या?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायला पाहिजे होतं का, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. ती काही रडली नाही. मान हलवली आणि मागं वळली. परत येताना सिलिंडरचं दुसरं टोक तिच्या दिरानं धरलं. आमच्यापुढं चारजण तिच्या नवऱ्याला नेत होते आणि ती त्यांच्या मागं चालत होती.

चार-पाच महिन्यांनी भोकरदनकडून परत येत होतो. काकांनी विचारलं, "जायचं का तिकडं?" कुणाकडं ते सांगायची गरज नव्हती. कपाशी उपटून झाली होती, गहू ओंबीवर आला होता. ती शेतातच होती. ओळखलं तिनं. पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली, आम्ही नको म्हणालो. तळ्याला आता तारेचं कुंपण होतं. दिरानं करून दिलं, असं तिनं सांगितलं.

काका गाडीकडं गेले तेव्हा तिनं मला विचारलं, "दादा, पान्याखालून वरचं दिसतं का?"

"काय, ताई?"

"म्हंजी काठावरचं मानूस. खालून दिसतं का?"

तळ्याचं पाणी मी बघितलं होतं. वरच्या हातभर पाण्यातून काठ दिसतो, आभाळ दिसतं. काठावर कुणी हललं की सावली हललेली कळते.

"न्हाई," मी म्हणालो. "गढूळ असतं. काहीच दिसत न्हाई."

"मंग मी पळत गेले ते त्यायला दिसलं नसंल."

"न्हाई दिसलं, ताई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग, "लाइट आलीय, घंटाभरच ऱ्हाते," असं म्हणून ती मोटर चालू करायला गेली.