डबलभाऊंचा सत्कार

बाजारात लठ्ठ माणसांच्या कपड्यांचं एकच दुकान होतं, आणि दुकानाचा मालक हीच त्याची जाहिरात होती. त्यांचं खरं नाव मतदारयादीला ठाऊक असेल. बाकी जग त्यांना डबलभाऊ म्हणायचं. एखादं गिऱ्हाईक दारात घुटमळलं, स्वतःच्या पोटाकडे बघून ओशाळलं, की डबलभाऊ गल्ल्यामागून उठून उभे राहत. अर्धा सौदा तिथेच व्हायचा.

"लाजताय काय, साहेब? माझ्यापुढे तुम्ही म्हणजे हडकुळे!"

गिऱ्हाईकाचा जीव भांड्यात पडे आणि एका पँटीला आलेला माणूस दोन घेऊन जाई.

घरी मात्र या पोटाचा मान राखणारं कुणी नव्हतं. थोरली बहीण, म्हणजे ताई, काडीसारखी बारीक. आयुष्यात तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं आणि ही गोष्ट कुणाला विसरूही दिली नव्हती. "मी बघ, कशी चिमणीएवढं खाते," असं म्हणत ती भावाच्या ताटाकडे अशी बघायची, की घास घशातच अडकावा. बायकोचा भाऊ व्यायामशाळा चालवायचा आणि ताकदीची पावडर विकायचा. तो भाऊजींच्या पोटाकडे शेतकरी पडीक जमिनीकडे बघतो तसा बघायचा.

एके दिवशी सकाळी डबलभाऊंना शौचाला रक्त दिसलं. पण दुपारी ते स्वतःशीच म्हणाले, उष्णता असेल. शेजारच्या दुकानदाराला आडून आडून विचारलं, तर तो म्हणाला, "मूळव्याध! मलाही आहे. बैठ्या धंद्याचं बक्षीस आहे ते." डबलभाऊंना हे निदान फार आवडलं, कारण त्यात कुणाला काही दाखवावं लागत नव्हतं. ते दोन वेळा ताक पिऊ लागले आणि विषय संपला.

रक्ताने मात्र विषय संपवला नाही. पोट कधी साफ व्हायचं नाही, कधी बिघडायचं. जिना चढताना धाप लागायची. तशी ती पूर्वीही लागायचीच, म्हणून तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. मग हळूहळू वजन उतरू लागलं, आणि आक्रीत घडलं: जग त्यांच्यावर खूश झालं.

"भाऊ, काय बारीक झालात हो! रहस्य काय?" लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले. ताईने पहिल्यांदाच त्यांच्या ताटाकडे न बघता तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आता कसा माणसात आलास." मेहुण्याने तर कमालच केली. दोन महिन्यांपूर्वी त्याने पावडरीचा एक डबा भाऊजींच्या गळ्यात मारला होता. तो डबा न उघडता माळ्यावर पडला होता. तरी मेहुण्याने व्यायामशाळेच्या दारावर भाऊजींचा आधीचा आणि आताचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'आमची पावडर, आमचा अभिमान'.

"अरे, पण मी ती घेतलीच नाही," डबलभाऊ म्हणाले.

"भाऊजी, घरात असली तरी गुण येतो," मेहुणा म्हणाला.

आपल्याला भूक लागत नाही, रात्री अंग मोडून येतं, हे डबलभाऊंना कळत होतं. पण आयुष्यभर ज्या अंगापायी टोमणे खाल्ले, त्याच अंगाचं कौतुक होत असताना 'मला बरं वाटत नाही' असं कोण म्हणेल? हरभऱ्याच्या झाडावर बसल्यावर खाली बघवत नाही.

व्यापारी मंडळाने आरोग्य सप्ताह काढला तेव्हा मेहुण्याच्या खटपटीने डबलभाऊंचा जाहीर सत्कार ठरला. सभागृह भरलं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "इच्छाशक्ती म्हणजे काय, ते या माणसाकडे बघा! चेहऱ्यावरचं तेज बघा!" चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. टाळ्यांच्या कडकडाटात डबलभाऊ गुच्छ घ्यायला उठले, दोन पावलं चालले आणि गुच्छासकट अध्यक्षांच्या अंगावर कोसळले. मागच्या रांगेतल्या काहींना वाटलं, वाकून नमस्कार करतायत. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

दवाखान्यात तपासलं तर अंगात रक्तच उरलं नव्हतं. सर्जन बाई चांगल्या अंगापिंडाने भरलेल्या होत्या. शुद्धीवर येता येताच डबलभाऊंनी सवयीने त्यांचं माप मनात घेतलं.

"शौचावाटे रक्त जातं?" बाईंनी विचारलं.

डबलभाऊंनी बायकोकडे बघितलं. "कधीतरी."

"कधीपासून?"

"झाले असतील... सहा-सात महिने."

बायको उसळली. "मला एका शब्दाने बोलला नाहीत!"

"ही काय जेवताना सांगायची गोष्ट आहे?"

"जेवणाशिवाय तुम्ही घरात सापडता कधी?" असं म्हणून ती रडायलाच लागली.

दुर्बिणीने तपासणी झाली. मोठ्या आतड्यात गाठ निघाली आणि ती कॅन्सरची होती. सुदैवाने ती बाहेर फार पसरलेली नव्हती. आतड्याचा तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडायची, मग काही महिने औषधं, असं ठरलं.

डबलभाऊंनी पोटावरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "बाई, चरबी पोटाच्या बाहेरच्या बाजूला आणि गाठ आत. त्यांचा काही संबंध?"

"थोडाफार असू शकतो," बाई म्हणाल्या. "आपल्याला वाटतं, चरबी म्हणजे गोदामातला माल. पडून राहते, बिचारी. तसं नसतं. ती सारखी रक्तात निरोप सोडत असते. त्या निरोपांना हार्मोन म्हणतात. चरबी वाढली की लेप्टिन नावाचं हार्मोन वाढतं आणि आवर घालणारं ॲडिपोनेक्टिन कमी होतं. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, म्हणून इन्शुलिनही रक्तात चढून राहतं. यातले बरेच निरोप पेशींना एकच सांगतात: वाढा. आतड्याचं अस्तर तसंही सारखं नवं होत असतं. तिथे एखादी पेशी बिघडलेली असली, तर तिला आयतं खतपाणी मिळतं."

"म्हणजे मी जिला पोसलं, ती आतून चुगल्या करत होती!"

"चुगल्या म्हणा. पण सगळा दोष तिच्या माथी मारू नका. सगळ्या लठ्ठ माणसांना हा आजार होत नाही आणि बारीक माणसांनाही होतो. वय असतं, घराणं असतं, सिगारेट-दारू असते, नशीबही असतं." बाईंनी आपल्या कोटाची ताणलेली बटणं चाचपली. "आणि चरबीचं म्हणाल, तर ते मलाही लागू आहे. मी रोज ठरवते."

ऑपरेशन नीट झालं. औषधांनी मात्र डबलभाऊंना पिळून काढलं. तोंडाची चव गेली, बोटं बधिर झाली. एका रात्री ते लहान मुलासारखे रडले आणि बायको त्यांचे पाय चोळत बसली. मेहुण्याने दारावरचा फोटो गुपचूप काढला. त्या जागी दुसऱ्याच कुणाचा लावला.

सहा-आठ महिन्यांनी डबलभाऊ दुकानात परतले. आता गिऱ्हाईक त्यांनाच विचारू लागलं, "मालक कुठायत?" त्याहून वाईट म्हणजे, डबलभाऊंना ज्ञान झालं होतं. कमरेभोवती टेप गुंडाळता गुंडाळता ते हलक्या आवाजात विचारत, "शौचाला रक्त-बिक्त?" गिऱ्हाईक टेपासकट पळे. शेवटी बायकोने गल्ला ताब्यात घेतला आणि त्यांना आतल्या खोलीत माल लावायला बसवलं. तरी शेजारचा मूळव्याधवाला दुकानदार एका दुपारी मान खाली घालून आला आणि त्या सर्जन बाईंचा पत्ता घेऊन गेला.

राहिली ताई. सख्ख्या भावाला झालं म्हणून तिनेही दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, असं बाईंनी बजावलं होतं. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी? चिमणीएवढं खाणारी? हे खादाडांचे आजार आहेत!"

"ताई, चिमणीलाही आतडं असतं," डबलभाऊ म्हणाले आणि हट्टाने तिला घेऊन गेले.

तिच्या आतड्यात मांसाचे दोन लहान कोंब सापडले. कॅन्सर नव्हे, पण ठेवले असते तर पुढेमागे होऊ शकला असता. बाईंनी ते तिथल्या तिथे काढून टाकले. ताई पलंगावर पडली होती, साडीचा पदर नीट करत. डबलभाऊ शेजारी स्टुलावर बसले. आजवर ऐकलेल्या सगळ्या टोमण्यांची परतफेड करायची हीच वेळ होती. त्यांनी तोंड उघडलंही. पण तिचा हात थंडगार लागला, तेव्हा त्यांनी तो नुसता धरून ठेवला.

थोड्या वेळाने ताईने डोळे न उघडताच विचारलं, "केवढे होते रे?"

"वाटाण्याएवढे."

"आणि तुझी?"

"लिंबाएवढी."

"वाटलंच मला," ताई समाधानाने म्हणाली आणि कुशीवर वळली.