बुडालेली बाग, कोरडा उंबरा

पुण्यात चौथ्या मजल्यावर राहूनही माझी आई पावसाळा तोंडावर आला की पलंगाच्या पायांखाली विटा लावायची. परभणीतल्या आमच्या सखल वसाहतीत ही घरोघरची रीत. अर्ध्या शहराचं पावसाचं पाणी हक्काच्या पाहुण्यासारखं आमच्या घरात शिरायचं. बाबा गेल्यानंतर एकदा ते गुडघ्यापर्यंत चढलं आणि मी आईला इकडे घेऊन आले. ती आली, पण अट घालून: एक अख्खा पावसाळा घर कोरडं राहिलं की परत जाणार. मी बिनधास्त हो म्हटलं. ते घर कोरडं राहणार कसं?

मग वसाहतीमागच्या खोलगट पडीक जागेत पाणथळ बाग झाली. यंदा पावसानं परभणीला झोडपून काढलं, तरी शेजारच्या शेवंताकाकू फोनवर सांगत होत्या, घरात थेंब नाही. काकूंना त्यांची मैत्रीण परत हवी आहे, म्हणून मी विश्वास ठेवला नाही. आई म्हणाली, "तूच बघून ये. मी आता जाईन ती राहायलाच."

पुण्याहून रात्री निघणारी गाडी सकाळी परभणीला सोडते. स्टेशनबाहेर गाड्यावर सुशीला जरूर खा. चुरमुऱ्यांचा हा पदार्थ मी पुण्यात पुष्कळदा करून पाहिला, पण तशी चव येत नाही, आणि इथे पहिल्या घासालाच मला भरून येतं. पुढे शेअर ऑटो मिळतो, भाडं किरकोळ.

"कुठं जायलाव ताई?" ऑटोवाल्या चाचांनी विचारलं. मी बागेचं नाव काढताच ते हसले. "आता काय बघताव? एका पावसात बुडाली की ती. बाकडी बी पाण्यात हायती."

खरंच होतं. फाटकाला साखळी, चालायची वाट गडप, बाकांच्या नुसत्या पाठी वर. पाणकणसांचे शेंडे वाऱ्यावर डुलत होते आणि एक पाणकोंबडी खुशाल फिरत होती. तुम्हाला म्हणून सांगते, मला हायसं वाटलं. बाग फसली होती. आई माझ्याकडेच राहणार होती.

काकूंकडून किल्ली घेऊन दार उघडलं. उन्हाळ्यात घर झाडायला आली होती तेव्हा आईनं उंबऱ्याच्या आत, फरशीवर रांगोळीचं कमळ काढून ठेवलं होतं. पाणी आत आलं तर ते पुसलं जाणार. कमळ जसंच्या तसं होतं. एका पाकळीवरून मुंग्यांनी वाट पाडली होती तेवढीच.

"पण काकू, बाग तर बुडालीय!"

"अगं माय, पहिल्या पावसात आमीबी लय बोंब मारली. मग ध्यानात आलं, तिनं बुडावं म्हणूनच केलीय ती. रस्त्यावरचं समदं पाणी आधी तिच्यात जातंय. थोडं मुरतंय, उरलेलं सावकाश नाल्याला लागतंय. फिकर न्हाई आता. सांग तुज्या आईला."

मी मान डोलावली. काकूंनी भाजून दळलेल्या धान्य-मसाल्यांच्या येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढली. एरवी मी दोन भाकरी सहज खाते. त्या दिवशी एकही संपेना.

मुक्काम वाढवला. पाऊस उघडला होता. पाणी दिवसागणिक उतरत गेलं आणि फाटक उघडलं. तुम्ही जाणार असाल तर असेच पावसानंतर उघडीप पडल्यावर जा, प्रवेश फुकट आहे, चपला मात्र चिखलात चालतील अशा घाला. डासांची भीती वाटत असेल तर डबक्यात गप्पी मासे सोडलेत. संध्याकाळी वसाहतीतल्या बायका फिरायला आल्या. टिटवी कुणावर तरी सारखी ओरडत होती. काकूंनी एक बाक पदरानं पुसलं. "ह्ये तुज्या आईचं. इथं कुणाला बसू देत न्हाई मी."

मी बसले. तिथून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. त्या खिडकीत दिवा लागावा असं मला फार वाटलं. माझ्या पिशवीत परतीचं तिकीट होतं.

परतताना गाडीत मनात आलं, कमळ पुसलं गेलं होतं असं सांगितलं तर कोण बघायला जातंय? दार उघडताच आईनं एवढंच विचारलं, "कमळ?"

"आहे," मी म्हटलं.

तिनं चहा ठेवला, माझी बॅग आत नेली. संध्याकाळी पाहिलं तर तिचा पलंग खाली आलेला, आणि पुसलेल्या विटा बाल्कनीत ओळीनं मांडलेल्या.

"या तिकडे न्यायच्या का?"

"कशाला? तिथं आता लागायच्या न्हाईत."

दिवाळीआधी ती परभणीला गेली. रोज संध्याकाळी त्या बाकावरून फोन करते, मागे टिटवी ऐकू येते. इकडे तिचा पलंग फार बुटका वाटायला लागला, म्हणून मी विटा परत लावल्या.