आमचे फुकटचे मास्तर

वेबसाइट बनवायला शिकलो त्याला आता बराच काळ झाला. तरी आम्ही चौघं भेटलो की कामाचं बोलणं टिकतच नाही. कुणीतरी "ते आठवतंय का?" म्हणतं आणि झालं! किस्से असे साचलेत की नवा ठेवायला जागा नाही.

आम्ही म्हणजे नांदेडला सून म्हणून आलेली मी, उमरीचा मिलिंद, लातूरकडच्या मुरुडची रेणुका आणि नांदेडचीच शबाना. क्लासची फी झेपणारी नव्हती. शबानाच्या घरी वायफाय होतं, म्हणून तिची बैठकीची खोली हाच आमचा क्लास. शिकवायला इंटरनेटवर फुकट मिळेल ते.

वेबसाइटच्या पानावरच्या गोष्टी जागच्या जागी मांडायला शिकवणारा एक खेळ होता. कोडची ओळ बरोबर लिहिली की बेडूक उडी मारून कमळाच्या पानावर बसायचा. सासूबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "अभ्यास म्हनली व्हतीस ना?" मी समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून भाकरीला मी उठले की आतून आवाज यायचा, "बेडूक बसला का? न्हाई? मग बस तू. मी टाकते भाकरी."

रेणुकाचं इंग्रजी बेताचं. ती माहितीची पानं ब्राउझरकडूनच मराठी करून घ्यायची. एका चौकटीत दुसरी चौकट असली की आतलीला इंग्रजीत 'चाइल्ड' म्हणजे मूल म्हणतात, बाहेरचीला 'पेरेंट' म्हणजे पालक. हे तिच्या वडिलांना कुठून ठाऊक असणार? लेकीला नांदेडला ठेवायला ते आधीच नाखूश. सुट्टीत ती घरी गेली तेव्हा त्यांनी स्क्रीनवर वाचलं, 'मूल पालकाच्या बाहेर जात असेल तर जास्तीचा भाग लपवा.'

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "लपवायचं कशाला? जाऊ द्या की बाहेर."

रेणुका दुसऱ्याच दिवशी नांदेडला परतली. वडील स्वतः स्टँडवर सोडायला आले होते.

ब्राउझरमध्ये कुठल्याही साइटचं पोट उघडून बघता येतं, मजकूरही बदलता येतो. अर्थात फक्त आपल्याच स्क्रीनवर. मिलिंदनं बातम्यांच्या एका साइटवर मथळा केला, 'उमरीच्या मिलिंदला नोकरी', आणि आईला दाखवला. माउली शेजारी सांगायला निघाली! घाबरून त्यानं पान रिलोड केलं, मथळा गेला. आई दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

पुढं लातूरच्या एका ऑफिसातून खरंच नोकरीचा मेल आला. त्यानं फोन आईपुढं धरला. आई म्हणाली, "आधी रिलोड कर."

माझं एक पान काही केल्या उघडेना. रडकुंडीला येऊन प्रश्नोत्तरांच्या एका साइटवर विचारलं. कोण कुठला माणूस, त्यानं लगेच सांगितलं, एक कंस राहिलाय. मी भारावून लांबलचक आभार लिहिले. साइटवाल्यांनी ते काढून टाकले! आभार लिहायची तिथं पद्धत नाही म्हणे. मिलिंद म्हणाला, "मग मनातल्या मनात मान." अजून मानते.

शबानाचे अब्बा टेलर. शुगरनं नजर गेली, दुकान आता तिचा भाऊ बघतो. शबानानं पहिली वेबसाइट त्या दुकानाची केली आणि स्क्रीन वाचून दाखवणारी फोनमधली सोय चालू करून अब्बांना ऐकवली. दुकानाचं नाव आलं, पत्ता आला, वेळ आली. मग फोन नुसता "इमेज" म्हणाला आणि पुढं गेला.

अब्बांनी विचारलं, "वहाँ क्या है?"

"आपका फोटो, अब्बा."

फोटोमागं त्याचं वर्णन लिहायची सोय असते. ते कोण वाचतंय म्हणून तिनं मोकळं सोडलं होतं. तिथंच बसून तिनं लिहिलं, 'आमचे अब्बा दुकानात मशीनवर बसलेत, गळ्यात टेप आहे.' आणि म्हणाली, "अब सुनो, आपका फोटो आएगा."

"रुको," अब्बा म्हणाले. ते ताठ बसले. हातानं चाचपून टोपी सरळ केली, कुर्त्याचं वरचं बटण लावलं.

"हाँ. अब पढ़ो."